जित्या माणसाचा हार

—अन् माप? माप नाई सांगतलं तुमी. हार पाहिजे, हार पाहिजे म्हणून मघापासून उभे हा, पण हार कोणाच्या गळ्यातला ते सांगाल तं मी सुई उचलू ना! हसू नका जी. तुमी शिकलेले, तुमाले वाटते हार म्हणजे हार, दोऱ्यात फुलं ओवली का झाला. देवाचा हार येगळा, बैलाचा येगळा. नवरदेवाचा पोटापर्यंत आला पाहिजे अन् पुढाऱ्याचा गुडघ्यापर्यंत — हो, गुडघ्यापर्यंत! — एखाद्याचा जरा आखूड झाला का त्याची माणसं इथं दुकानावर भांडाले येतात, का दुसऱ्याचा लांब होता, आमचाच काहून बारका केला. बसा त्या खोक्यावर. ओलं हाय थोडं, पोतं टाका त्याच्यावर. सभा संध्याकाळी हाय ना? मंग लय वेळ हाय. राजापेठेत माणिकबाईच्या दुकानावरून आजपर्यंत कोणी रिकाम्या हातानं गेलं नाई. सांगा, कोणाचा हार?

फोटोचा? अगं माय! माफ करा जी, मले काय माहीत, मी इथं नवरदेव अन् पुढारी करत बसली. कोण गेलं? वडील? नाई, सांगा सावकाश, घाई नाई. फोटोचा हार लहान असते, बारक्या शेवंतीचा, खाली गोंडा नाई — अन् तो ओवताना आमी माळ्याच्या बाया बोलत नाई. एक शब्द नाई. आमच्या घरात रीतच हाय तशी. मेलेल्याचा हार ओवताना तोंड मिटलेलं, अन् जित्याचा ओवताना तोंड चालू. लग्नाचा असला तं गाणं म्हणतो, पोळ्याच्या बैलाचा असला तं बैलाशीच बोलतो, काहीच नाई सुचलं तं शेजारणीच्या सुनेवर बोलतो — पण बोलतो. जित्याचा हार मुक्यानं ओवला तं त्या माणसाले लागते, असं माझी सासू मैनाबाई म्हणे. म्हणून दिवसभर माझं तोंड चालू राहते अन् लोक म्हणतात माणिकबाई बडबडी हाय. बडबडी नाई जी, धंदा हाय माझा. — तं कोण गेलं म्हणाले? कोणीच नाई गेलं? जिता हाय? अन् त्याच्या फोटोले हार?

नाई जी. नाई. उचला तो तुमचा इसार, ठेवा खिशात. जित्या माणसाच्या फोटोले मी हार देत नाई, अन् दुसऱ्या माळ्याकडं जाल तं तोही देणार नाई, मी आत्ताच सांगून ठेवते त्याले. तुमी कोठी शिकले, नागपूरच्या कालेजात? तथी असन तसं — धडधाकट माणसाचा फोटो टेबलावर ठेवाचा, उदबत्ती लावाची, हार घालाचा अन् टाळ्या वाजवाच्या. आमच्याकडं असं टेबल दिसलं तं बाया डोक्यावर पदर घेऊन गळ्यात पडून रडाले येतात. अन् तो माणूस स्वतः काहून येत नाई सभेले? पाय मोडले का त्याचे? — जेलात हाय? अकोल्याच्या? अस्सं. बाकीचे सगळे सुटले अन् हा एकटाच राहिला तथी, म्हणून त्याच्या जागी फोटो. दाखवा बरं कोणता वीर हाय तुमचा.

हं.

कोणी काढला हा फोटो? कचेरीच्या दारात उभं करून काढला, ते दिसतेच हाय. डोक्यावर भारा, हातात विळा. पेपरातही छापला? मले कोण दाखवणार पेपर, माझ्याकडं पेपर येतो तो रद्दीचा, अन् फुलाच्या पुड्याले मी तोही वापरत नाई. नाव काय म्हतलं तुमी? परत म्हणा. नाई, ऐकू आलं मले, तरी परत म्हणा एकदा — बरं वाटते. मी नाई घेत ते नाव. काहून म्हणजे? कोणती बाई भरबाजारात आपल्या नवऱ्याचं नाव घेते जी?

उठू नका, उठू नका! पाया काय पडता, मी काय देवी हाय का! टोपली सांडन झेंडूची. बसा. हो, माझेच हायत ते. तुमी सगळ्या राजापेठेत शोधून शोधून त्याच्याच बायकोच्या दुकानावर त्याच्या फोटोचा हार घ्याले आले, आता काय म्हणाव तुमाले. अन् ह्या कागदावर काय लिहिलं हाय, मोठ्या अक्षरात? ‘वऱ्हाडचा वीर शेतकरी’. शेतकरी काहून? माळी हायत ते. बडनेऱ्याच्या वाटेवर तुकडाभर मळा हाय, झेंडू, शेवंती, काठाले केळी. शेतकरी म्हतलं का शोभते, अन् माळी म्हतलं का वीर वाटत नाई, असं हाय का काही? राहू द्या, बसा. मी ओवते हार. फोटोचा नाई, गळ्याचा. तो कोठी घालाचा ते मंग पाहू. अन् सुई हातात हाय तोवर मी बोलणार, ते ऐकावं लागन.

काय नाव तुमचं, देवीदास ना? वाचा देवीदासभाऊ, काय लिहिलं ते. तुमीच लिहिलं? पोवाडा? आज सभेत डफावर म्हणणार? वाचा तं मंग. — थांबा. ‘सिंहासारखा गर्जला’? कोण? आमच्या घरचे? अहो, भाजीत मीठ नसलं तं ते ‘मीठ नाई’ असंही म्हणत नाईत, गुपचाप उठतात, मडक्यातलं मीठ घेतात अन् परत येऊन बसतात. म्हशीलेही हाकलत नाईत, नुसते बाजूले जाऊन उभे राहतात, म्हैस आपणच समजून घेते. अन् ती ‘पोलादाची छाती’ कोठून आणली? सदरा काढला तं फासळ्या दिसतात. तुमी त्याइले पाह्यलं तरी हाय का? फोटोतच पाह्यलं. फोटोत भारा हाय ना डोक्यावर, भाऱ्याखाली कोणीही मोठाच दिसते.

बरं, बरं, समजलं मले तुमचं म्हणणं. पूर्वी पोथीत, पोवाड्यात, नाटकात जो मुख्य माणूस असे तो राजा तरी असे नाईतं देवाचा अवतार. आता तसं चालत नाई, आता तुमच्या कालेजातल्या लोकाइले साधाच माणूस पाहिजे, घाम गाळणारा, हातावर घट्टे असलेला. हो ना? मंग साधाच माणूस पाहिजे तं त्याले सिंहाचं तोंड अन् पोलादाची छाती काहून लावता? मंग जुना राजाच काय वाईट होता, निदान मुकुट तं त्याचा त्याचा होता. — लिहून काय घेता? हे नका लिहू, हे मी आपली ओवता ओवता बोलून राहिली.

अन् मले वीराचं नका सांगू, मी सगळे पाह्यले इथं बसून. माणूस हार घालून घेताना कसा दिसते त्यानं काही समजत नाई, तेव्हा सगळेच सारखे मान झुकवतात. हार काढून कोठी ठेवते ते पाहाव. सासू सांगे, तिच्या वेळेस पहेलवान. कुस्ती मारली का सगळी अमरावती त्याच्या मागं, अन् तो अंगाची माती न पुसता तसाच जाऊन हार मारुतीले घालून येई. मंग आला नाटक कंपनीचा जमाना. मी तेव्हा नवीन नवरी होती. राजाचं काम करणारा नट, लोक त्याच्यासारखे केस ठेवत, बाया त्याच्यासारखं लुगडं नेसत — हो, तो राणीचंही काम करे. त्याचा हार आमच्याकडून जाई अन् सकाळी परत येई. पाणी मारून ठेवा, म्हणे, आजही राज्याभिषेक हाय. पार सुकला तरी तोच हार! मंग रावसाहेब लोकाइचे दिवस. कमिश्नर साहेबाच्या हातानं हार घालून घेतला का ते घरापर्यंत काढत नसत, सगळ्या पेठेतून बग्गी फिरवत, अन् उतरले का हार बग्गीच्या दांड्यावर टाकत. तो घोडा खाई. आमच्या शेवंतीवर त्या घोड्याची लय भक्ती होती. अन् आता तुमचे पुढारी. ते हार काढतात अन् गर्दीत फेकतात. चांगलं हाय, लोकाइले दोन दोन फुलं भेटतात. पण आता काय नवीन काढलं त्याइनं — सुताचा हार! मले सांगा, फुलं काय विलायतेहून येतात का जी? झेंडूनं काय वाकडं केलं स्वराज्याचं? तुमी फुलाचा मागाले आले म्हणून तं मी तुमाले बसू दिलं, नाईतं ह्या टोपीवाल्याइवर माझा भल्ला राग हाय.

हाय ना, राग हायच. नवरा नेला जी माझा. — नाई, नाई, बोट नका ठेवू त्या कडव्यावर, वाचलं तुमी मघाशी. ‘शत्रूकडं आगीच्या नजरेनं पाहे’. अहो, श्रावणातलं ऊन होतं, पाऊस उघडून ऊन पडलं का कसं चटकते. डोळे बारीक झाले, अन् तुमाले ती आग दिसली. अन् राग नाई तो, काळजी हाय. मी ओळखते ना तो चेहरा. कचेरीच्या दारात तसं उन्हात उभं केलं, तं पानं सुकून राहिली होती डोक्यावर, म्हणून —

कोणती पानं? पळसाची.

भाऱ्यात काय हाय मंग? गवत? तुमाले फोटोत गवत दिसून राहिलं? नीट पाहा, गवताचा भारा असा बसतच नाई डोक्यावर. पळसाची पानं हायत ती, पुड्याले. श्रावणात उपासतापास, पूजा, फुलाले गिऱ्हाईक तुटून पडते, अन् पानाचा पुडा नसला तं फुलं काय पदरात बांधून देऊ? दरवर्षी ते जातात पोहऱ्याकडच्या रानात. सासरा जाई, त्याचा बाप जाई. त्या दिवशीही गेले. सकाळी भाकर बांधून दिली, कांदा दिला, अन् बस, मी सांगतलं का मोठी मोठी पानं आणा, मागच्या खेपेची फाटकी होती. इतकंच बोलणं झालं आमचं. ते इकडून गेले, अन् तिकडून तुमची खुशालराव वकिलाची टोळी आली, वाजतगाजत, जंगलचा कायदा मोडाले. त्याइनं मूठ मूठ गवत कापलं, जय म्हतलं अन् पोलीस येईपर्यंत सावलीत बसले. अन् आमचे हे पोटभर काम करून, भारा बांधून, घामाघूम होऊन झाडीतून बाहेर आले, त्याच गर्दीच्या मधात! आता पोलिसानं कोणाले पहिलं धराव, सांगा तुमीच. सगळ्यात मोठा भारा याचा. तोच म्होरक्या ठरला. साहेबानं विचारलं, तोडलं का? हे म्हणाले, तोडलं. पुन्हा तोडशील का? हे म्हणाले, लागलं तं तोडन. खरंच बोलले, पानं संपली का तोडावीच लागतात! तं खुशालरावाइले थोडक्यात सोडलं, ते दसऱ्याले घरी सोनं वाटून राहिले होते, अन् आमच्या घरच्याइले संक्रांतीपलीकडची शिक्षा. मुठीले एक न्याय अन् भाऱ्याले एक.

पाहा, बोलू नाई ते बोलली मी. पण आता निघालंच तोंडातून तं सगळं ऐका, अन् एक काम करा माझं, देवीदासभाऊ. मी दिवाळीच्या आधी अकोल्याले भेटाले गेली होती. तथला साहेब भला माणूस दिसला. तो म्हणाला, बाई, तुझा माणूस ह्यातला नाई हे मले समजते. त्यानं फक्त म्हणाव का मी सत्याग्रहाले नाई आल्तो, पानं तोडाले आल्तो. कोणी वकिलानं नीट अर्ज करून द्यावा, मी वर पाठवतो, सुटन तो. माझे पाय जमिनीवर नाई राहिले. मी जाळीतून ह्याइले सांगतलं, एवढं म्हणा अन् घरी चला. तं काय करावं त्याइनं? काहीच नाई बोलले. नेहमीचंच ते. पण असे उभे होते जी — ताठ. मान वर. मी इतक्या वर्षात तशी मान नाई पाह्यली. अन् मागून कोणी तरी, चांगला चष्मेवाला, दुसऱ्या गावचा शिकलेला कैदी, म्हणाला, ‘चला,’ अन् ह्याइचं नाव घेऊन पुढं जी, ‘प्रार्थनेची वेळ झाली.’ जी! अहो, त्याइले आजपर्यंत कोणी जी म्हतलं नाई. बाजारात ‘ए माळ्या’, मळ्यात ‘अबे गोव—’ — तुमी समजून घ्या, मी अर्धंच म्हतलं.

तुमाले दंडार माहीत हाय ना? हो, तीच, गावात सोंगं घेतात ती. सासरचं गाव आमचं नांदगाव खंडेश्वराकडचं. तथी दरवर्षी दंडार होई, अन् राजाचं सोंग नेहमी जानराव पाटलाचं. आवाज मोठा, मिशा मोठ्या. आमचे हे टेंभा धरत. राजा जिकडं जाईन तिकडं त्याच्या तोंडावर उजेड पाडाचा, आपण अंधारात चालाचं, तेल सांडू द्याचं नाई. लग्न होऊन मी आली तेव्हा बाया मले म्हणाल्या, तुझा नवरा दंडारीत हाय. मी हौसेनं गेली पाहाले. सगळी दंडार संपली, अन् मले नवरा दिसला नाई. पण राजाचं सगळं भाषण त्याइले पाठ हाय, हे मले माहीत हाय. मळ्यात एकटे असले का पाणी देता देता म्हणतात. पुरतं म्हणतात, एक शब्द चुकत नाई, अन् मी आली का गप होतात. आता समजलं का तुमाले, ते काहून नाई म्हणून राहिले साहेबाले? त्याइले सोंग भेटलं जी. जनमभर टेंभा धरला, अन् आता पहिल्यानं कोणी टेंभा धरून त्याइच्या तोंडावर उजेड पाडला. आमच्याकडं राजाचं सोंग आरती झाल्यावाचून उतरवत नाईत. ते आरतीचीच वाट पाहून राहिले तथी.

पण मी काय करू? मले माणूस पाहिजे घरात. मळ्यात एकटी पाणी देते, एकटी तोडते, संध्याकाळी घर खायाले उठते. ते बोलत नसत हे खरं, पण न बोलणारं माणूस असणं अन् माणूस नसणं यात फरक हाय. म्हणून म्हणते, तुमी खुशालरावाच्या रोजच्या बसण्याउठण्यातले, त्याइले सांगा, तो अर्ज लिहून द्या. अन् अकोल्याले जाऊन ह्याइलेही सांगा, का बापा, तू काही वीर नाई, तू पानं तोडाले गेल्ता, चल घरी. बायकोचं ऐकत नाईत, पण तुमच्यासारख्या टोपीवाल्याचं ऐकतील. — असं काहून पाहता?

कागदाची घडी काहून घातली? भाऊ? अहो, उठले काहून, हार होत आला. ‘राहू द्या’ म्हणजे? ‘आज खुशालरावाचाच सत्कार करून घेऊ’ म्हणजे काय? अन् पोवाडा? तो फाडू नका, थांबा! बसा म्हणते ना मी! मूठभर गवतवाल्यावर म्हणाल तो पोवाडा? सिंह अन् पोलाद त्याले लावाल? लावाल, तुमचं काय जाते, नाव बदललं का झालं. फोटोही द्या इकडं, तुमच्या काही कामाचा नाई राहिला ना आता. पळसाच्या पानासाठी धरलेला माळी, त्याचा कोण पोवाडा म्हणते. साधा माणूस पाहिजे म्हणता, अन् इतका साधा निघाला का तुमाले चालत नाई.

आता मले दिसून राहिलं पुढचं. उद्या तुमी चार जणात बोलाल, चार जण चाळीस जणात. तथी अकोल्याले तो चष्मेवाला रोज पेपर वाचून दाखवते त्याइले, मले शिपायानं सांगतलं. एक दिवस तो वाचता वाचता थांबन. अन् मंग कोण जी म्हणन त्याइले? प्रार्थनेले कोणी बोलवणार नाई, मागं बसवतील. मंग माझा अर्ज पोचन, अन् ते घरी येतील. पण कोण येईन जी? टेंभेवाला येईन, मान खाली घालून. त्या माणसाबरोबर मी संसार केला, मले चांगला माहीत हाय तो. मले त्याची कीव येई. नवऱ्याची कीव येणं लय वाईट, देवीदासभाऊ, राग आलेला बरा. अन् दिवाळीच्या आधी, त्या जाळीतून, मले पहिल्यानं कीव नाई आली. मी रागानं लाल झाली होती, घरी येईपर्यंत गाडीत रडली, पण कीव नाई आली.

पेन्सिल काढा. काढा म्हणते ना! लिहा. श्रावणातली सकाळ होती. बायकोनं भाकर बांधून दिली. निघताना ते बायकोले म्हणाले, ‘माणिक’ — माणिक कधी म्हणत नाईत, पण लिहा तुमी — ‘माणिक, रान माझ्या बापाचं, आज्याचं, ते सरकारचं कसं झालं ते मी विचाराले चाललो, वाट पाहू नको.’ लिहिलं? असं म्हणून गेले. आपल्या मनानं गेले, समजून उमजून गेले. पानं? कोणी म्हतलं पानं? गवत हाय ते. फोटोत साफ दिसते गवत. मी पान म्हतलं असन तं धंद्याची सवय, माळ्याच्या बाईच्या तोंडात पानच येणार. अर्ज? कोणता अर्ज? त्याइची शिक्षा त्याइले भोगू द्या, संक्रांत काही लांब नाई. आली तं आली, गेली तं गेली. मळा मी पाहून राहिली ना. अन् सभेत कोणी विचारलं का हे कोण सांगते, तं सांगा, प्रत्यक्ष बायको सांगते. गोवर्धनची बायको. हो, घेतलं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्याच्यानंतर आज घेतलं. गोवर्धन माळी. अन् ते वरचं ‘शेतकरी’ खोडा, तथी माळी लिहा. एवढं एक खरं राहू द्या.

घ्या, झाला हार. पाहा, बोलता बोलता गळ्याचाच झाला, छातीपर्यंतचा, त्याइच्याच मापाचा. हाताले माहीत हाय माप. फोटोले घालाचा नाई, सांगून ठेवते, शपथ हाय तुमाले. हा माझा विळा न्या. दसऱ्याले आमी हत्याराले हार घालतो, ते जित्याचं. फोटोच्या पुढं विळा ठेवा, अन् हार विळ्याले घाला. विळा परत आणून द्या उद्या, मले केळीची पानं कापाची हायत. पैसे राहू द्या. राहू द्या म्हतलं ना! आपल्या घरच्याच्या हाराचे कोणी पैसे घेते का?

अन् ऐका. सुई खाली ठेवली मी, माझं बोलणं संपलं. पण हार अजून पडला नाई जागेवर, तोवर कोणी तरी बोलत राहाले पाहिजे. इथून सभेपर्यंत गप जाऊ नका. पोवाडा म्हणत जा. ते सिंहाचंही म्हणा, पोलादाचंही म्हणा, सगळं म्हणा. व्हा आता, गिऱ्हाईक खोळंबलं माझं. — अन् उभे काहून राहिले तोंड मिटून? हातात जित्या माणसाचा हार हाय तुमच्या! म्हणा ना जी. मोठ्यानं म्हणा.